हलक्या तारेचा माणूस

दिल्ली आणि आसपासच्या मुलखात गाड्यांच्या मागच्या काचेवर देवादिकांच्या खालोखाल जर कशाला मान असेल, तर तो ‘हल्के में मत लेना’ या वाक्याला. गाडी जितकी लहान तितकी अक्षरं मोठी. गुरुग्रामपासून गाझियाबादपर्यंत सगळा प्रदेश वजनावर चालतो. लग्नातला लेहंगा असा हवा, की नवरीला स्टेजवर चढवायला दोघी बहिणी लागाव्यात. लस्सी अशी, की ती प्यावी का खावी याचा निर्णय होऊ नये. ओळख सांगायची तर तीही वजनदार माणसाची, आणि ती फोनवर, चारचौघांना ऐकू जाईल अशी. अशा मुलखात पंचेचाळिशी ओलांडलेल्या एखाद्या मराठी माणसानं आपल्या इलेक्ट्रिक गिटारला दहाच्या जागी नऊच्या तारा लावायचं ठरवलं, तर ती त्याची खाजगी बाब राहत नाही.

ज्यांच्या घरात गिटार नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडा खुलासा करतो. तारांचा संच त्यातल्या सर्वांत बारीक तारेच्या जाडीवरून ओळखतात, आणि ही जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. ‘दहा’ म्हणजे पहिली तार १० हजारांश इंच आणि सहावी ४६. ‘नऊ’ म्हणजे पहिली ९ आणि सहावी ४२. म्हणजे पहिल्या तारेपुरतं बोलायचं तर सगळं भांडण इंचाच्या एका हजाराव्या भागाचं. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यातला जुना फिटर त्याला ‘एक थाऊ’ म्हणेल आणि चहाला निघून जाईल.

या एका थाऊचे मायक्रॉन होतात २५. मायक्रॉन म्हणजे काय हे देशात इतरत्र समजावून सांगावं लागतं, दिल्लीत नाही. इथलं सातवीतलं पोरही पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनचा कण हे झोपेत सांगतं. त्या हिशेबानं नऊ आणि दहा यांच्यातला फरक म्हणजे पीएम २.५ चे दहा कण एका रांगेत उभे केले की संपला. दिवाळीनंतरच्या आठवड्यात खिडकी उघडी ठेवून कोणी सूर लावत बसलं, तर नऊची तार आपोआप दहाची होत असणार.

पण आमच्या बँडमध्ये हा युक्तिवाद चालला नाही. आमचा बँड म्हणजे नॉयडा एक्स्टेंशनमधल्या एका उंच सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये रविवारी जमणारे, कानांपेक्षा पोटांनी जास्त वाढलेले काही पुरुष. ड्रमवर चार्टर्ड अकाउंटंट, बासवर दंतवैद्य, गायला निवृत्त कर्नलसाहेब, आणि माझ्या जोडीला दुसऱ्या गिटारवर गाझियाबादचे एक प्रॉपर्टी डीलर. डीलरसाहेब अकराच्या तारा वापरतात आणि ही माहिती ते न विचारता देतात. नऊचं गुलाबी पाकीट माझ्या हातात बघून त्यांनी आधी पाकिटाकडे, मग माझ्याकडे बघितलं.

“नौ? भाईसाहब, सब ठीक तो है ना घर पे?”

गिटारवाल्या पुरुषांमध्ये तारेची जाडी विचारणं हा सभ्यतेच्या वेषातला पगार विचारण्याचा प्रकार आहे. ‘कितीच्या लावता?’ असं सहज विचारायचं आणि उत्तर आपल्यापेक्षा कमी आलं, की ‘अच्छा, अच्छा’ म्हणून दिलदारपणे मान हलवायची. बारावाला अकरावाल्याला सांभाळून घेतो, अकरावाला दहावाल्याला उपदेश करतो आणि दहावाला वर्षानुवर्षं एखाद्या नऊवाल्याची वाट बघत असतो. मी सापडल्यामुळे आमच्या क्लबहाऊसमध्ये बऱ्याच जणांची सोय झाली.

खरं म्हणजे आमच्या पिढीला तारेची निवड ही चैनच माहीत नव्हती. नव्वदच्या दशकात, दिल्लीत परिक्रमा हा बँड नुकताच उभा राहिला होता आणि इंडियन ओशनच्या तालमींचं करोलबागेतलं घर अजून प्रसिद्ध व्हायचं होतं, त्या काळात देशभरातल्या पोरांच्या हातात गिवसन नाहीतर हॉबनर असे. ही नावं गिब्सन आणि होनर या बड्या घराण्यांशी नातं सांगत. मात्र त्या घराण्यांना या नात्याची कितपत कल्पना होती कोण जाणे. दुकानात जाऊन ‘गिटारच्या तारा द्या’ म्हणायचं. दुकानदार देई त्या गिटारच्या तारा. त्या गंजल्या की पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडायच्या, पुसून पुन्हा चढवायच्या. त्या पातेल्यात नंतर चहा होई, आणि घरात कोणालाच काही होत नसे. परदेशातून कोणाचा मामेभाऊ यायचा असला, की त्याला पत्रानं कळवायचं. तो तारांऐवजी चॉकलेटं आणायचा.

त्यामुळे जाडीची मिजास ही सुबत्तेबरोबर आलेली गोष्ट आहे, आणि सगळ्या मिजाशींप्रमाणे तिलाही एक दैवत आहे. आमच्या डीलरसाहेबांचं दैवत टेक्सासचा स्टीव्ही रे व्हॉन. तो तेराच्या तारा वापरायचा. बोटांची कातडी सोलवटली की सुपरग्लू लावून पुन्हा वाजवायचा. ही कथा डीलरसाहेब इतक्या भक्तिभावानं सांगतात की शेवटी प्रसाद वाटतील असं वाटतं. त्या कथेतला एक अध्याय मात्र ते दरवेळी गाळतात. व्हॉन आपली गिटार अर्धा सूर उतरवून लावत असे, म्हणजे तेराच्या तारांचा ताण तो आधीच थोडा सैल करून घेत असे. हे मी सुचवलं तेव्हा डीलरसाहेबांनी विषय सेक्टर दीडशेमधल्या भावांवर नेला.

उलट बाजूची पुराणं पाहू गेलं तर ती जास्त रंजक आहेत. बर्मिंगहॅमचा टोनी आयॉमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांचा असताना, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली, त्यांना चामडं चिकटवलं आणि मिळतील तेवढ्या बारीक तारा लावल्या. त्यात बँजोच्याही होत्या. पुढे त्या तारा आणखी सैल करून, सूर खाली उतरवून तो वाजवू लागला. त्यातून ब्लॅक सब्बाथचा आवाज निघाला आणि त्याला जगानं ‘हेवी’ मेटल असं नाव दिलं. जगातल्या सर्वांत जड समजल्या गेलेल्या संगीताच्या बुडाशी एका जखमी माणसाच्या हलक्या तारा आहेत, हे सांगितल्यावर कर्नलसाहेब उठून उभे राहिले. डीलरसाहेब म्हणाले, “मजबूरी की बात अलग है।”

मग मी बिली गिबन्सला बोलावलं. झेडझेड टॉपचा हा छातीपर्यंत दाढी असलेला गृहस्थ एके काळी जाड तारांचाच पुरस्कर्ता होता. एकदा बी. बी. किंग यांनी त्याची गिटार सहज हातात घेतली, दोन सूर वाजवले आणि एवढी मेहनत कशासाठी करतोस, अशा अर्थाचं विचारलं. हा किस्सा गिबन्स स्वतःच सांगतो. आज तो सातच्या तारा वापरतो. सात! दिल्लीत एवढ्या कमी आकड्यावर समाधान मानणारा माणूस मिळणं कठीण. इथे गाडीच्या नंबरात सात यावा म्हणून पैसे मोजतात, पण तो निदान चार वेळा यावा लागतो.

हलक्या तारांचा व्यापार सुरू झाला तोही शिकाऊ पोरांच्या बोटांमुळे. पन्नासच्या दशकात संच जाडजूड असत आणि तिसरी तार तर वर धातूचा पीळ दिलेली, ओढता ओढेना. हुशार वादक पहिल्या जागी बँजोची बारीक तार लावत, बाकीच्या एकेक घर सरकवत आणि उरलेली सहावी फेकून देत. कॅलिफोर्नियातल्या अर्नी बॉल या दुकानदारानं हे पाहिलं. त्यानं फेंडर कंपनीला हलका संच काढायला सुचवलं, कंपनीनं नकार दिला. तेव्हा त्यानं स्वतःच तारा करवून घेतल्या आणि १९६२ साली ‘स्लिंकी’ नावानं बाजारात आणल्या. माझ्या हातातलं ते बदनाम गुलाबी पाकीट याच घराण्यातलं. मोठ्या कंपनीनं नाही म्हटल्यावर छोट्या दुकानदारानं केलेल्या धंद्याबद्दल गाझियाबादच्या माणसाला आदर वाटायलाच हवा होता, आणि तो वाटलाही. पण तारांबद्दल नव्हे, मार्जिनबद्दल.

तारा हलक्या तर तुटतात, हा त्यांचा पुढचा मुद्दा. तो खराच आहे. एरिक क्लॅप्टन यार्डबर्ड्समध्ये असताना बारीक तारा लावी, त्या कार्यक्रमातच तुटत, आणि तो नवी तार चढवीपर्यंत श्रोते संथ लयीत टाळ्या वाजवत बसत. त्याचं ‘स्लोहँड’ हे टोपणनाव त्यातूनच पडलं असं सांगतात. इंग्लंडातले श्रोते वाट बघतात. आमच्या सोसायटीच्या दिवाळी मेळ्यात तार तुटली, तर तीस सेकंदांत डीजे सुरू होतो आणि बँडच्या जागी तंदुरी चापचा स्टॉल लागतो.

वाद मिटावा म्हणून चार्टर्ड अकाउंटंटनं तोडगा काढला. बाजारात साडेनऊचा संच मिळतो, तो घ्यावा. नाहीतर वरच्या तीन तारा नऊच्या संचातल्या आणि खालच्या तीन दहाच्या संचातल्या असाही मिश्र संच मिळतो. दिल्लीतल्या माणसाला आघाडी सरकार बनवायला कोणी शिकवावं लागत नाही. मी मात्र स्पष्ट बहुमताच्या बाजूनं राहिलो आणि पुरते नऊ चढवले.

इथून पुढे प्रकरण पदार्थविज्ञानाकडे गेलं. मारँ मेर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूनं १६३६ साली लिहून ठेवलं आहे की तारेचा सूर तिची लांबी, ताण आणि वजन यांवर ठरतो. लांबी तीच, सूर तोच आणि तार बारीक, तर ताण कमी व्हायलाच हवा. दहाची पहिली तार नऊची केली की तिच्यावरचा ताण जवळपास एकोणीस टक्क्यांनी उतरतो. फेंडरच्या साडेपंचवीस इंची लांबीवर दहाच्या सहा तारा मिळून गिटारच्या मानेवर सुमारे ४७ किलोंचा ओढा टाकतात, नऊच्या सुमारे ३९. म्हणजे विमानात केबिनमध्ये नेऊ देतात त्याहून थोडं जास्तच सामान मानेवरून एकदम खाली उतरतं.

आता कोणाला वाटेल की गिटारला बरं वाटलं असेल. तसं होत नाही. गिटारच्या मानेत एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. तारा मान पुढे ओढतात, सळई मागे खेचते. दोघींच्या भांडणावर मान सरळ राहते. तारांनी माघार घेतली की सळईला जोर चढतो आणि मान मागच्या अंगाला वाकते. मग तारा पहिल्या काही फ्रेटांवर घासून झणझणू लागतात. ज्यांच्या गिटारला स्प्रिंगांवर तरंगणारा ब्रिज असतो त्यांचा ब्रिजही तारांची पकड सैल झाल्याबरोबर आत बसतो. शिवाय नटाच्या, म्हणजे मानेच्या टोकावरच्या पट्टीच्या, खाचा जाड तारांच्या मापाच्या, त्यात बारीक तारा सैल राहतात. त्यातून दिल्लीची हवा. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांची लू, ऑगस्टात घाम, जानेवारीत धुकं आणि हीटर. लाकूड तरी किती समजूतदारपणा दाखवणार? थोडक्यात, सळई पाव फेरा सैल करणं, स्प्रिंगा ढिल्या करणं, ब्रिजवरच्या खोगिरांची उंची आणि लांबी पुन्हा जुळवणं, हे सगळं एका थाऊपायी करावं लागतं.

गिटार झणझणत होती त्याच सुमारास माझ्या सासऱ्यांचा मिरजेहून व्हिडिओ कॉल आला. मिरज म्हणजे तंबोऱ्याचं माहेर. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. सासरे स्वतः वाजवत नाहीत, पण उभं आयुष्य सतारमेकर गल्लीच्या आसपास काढल्यामुळे त्यांचा कान कारागिराचा आहे. मी गिटार बाजूला ठेवताना तिची तार झणझणली. पलीकडून प्रसन्न आवाज आला:

“वा जावईबापू! जवारी झकास काढलीय. कोणाकडून काढून घेतलीत?”

मी निरुत्तर झालो. ज्या झणझणीचा गिटारवाले दोष म्हणून धसका घेतात आणि ती घालवण्यासाठी कारागिराला पैसे देतात, तीच झणझण आणण्यासाठी मिरजेचे कारागीर घोडी तासन्‌तास घासतात, तारेखाली सुताचा धागा सरकवून बघतात, आणि लोक त्याचे पैसे देतात. मी “इथलाच एक आहे” म्हणालो. सासऱ्यांनी त्याला मिरजेला घेऊन यायला सांगितलं आहे.

खरा मुखभंग मात्र दोन्ही पक्षांचा झाला तो चौथ्या मजल्यावरच्या माशीमांकडून. चित्तरंजन पार्कात वाढलेल्या, लहानपणापासून सतार शिकलेल्या या बाई. बीटल्स १९६६ च्या जुलैत दिल्लीत उतरले आणि जॉर्ज हॅरिसननं कॅनॉट प्लेसच्या रिखी राम यांच्याकडची सतार घेतली, हा प्रसंग त्या अशा काही थाटात सांगतात की बिल त्यांनीच केलं होतं असं वाटावं. आमचा नऊ-दहाचा तंटा ऐकून त्यांनी विचारलं, की तार ओढून तुम्ही किती सुरांपर्यंत नेता? डीलरसाहेब अभिमानानं म्हणाले, एक सूर तर हमखास, जमलं तर दीड. माशीमा हसल्या. सतारीच्या बाजाच्या तारेची जाडी साधारण बारा थाऊ. तीच तार एका पडद्यावर दाबून, बाजूला ओढत, मींडेत चार-पाच सूर काढायचे हा त्यांच्याकडे रोजचा रियाज. त्यांनी डाव्या हाताची तर्जनी आमच्यापुढे धरली. तिच्यावर तारेनं पाडलेली खोल काळी चीर होती. “याला तेल लावते,” त्या म्हणाल्या. “सुपरग्लू नाही.”

त्यानंतर डीलरसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही त्यांना डिवचण्याच्या भानगडीत पडलो नाही, कारण माशीमांच्या हिशेबात आम्ही दोघं एकाच पंक्तीला बसलो होतो.

राहता राहिला नादाचा मुद्दा. जाड तारेत धातू जास्त, त्यामुळे पिकअपला मिळणारा इशारा किंचित मोठा आणि आवाज किंचित भरीव, हे शास्त्राला धरून आहे. त्या ‘किंचित’वर मात्र जगभर अब्जावधी शब्द खर्च झाले आहेत. आम्ही परीक्षा घ्यायचं ठरवलं. कर्नलसाहेबांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, मी एकच ओळ दोन्ही गिटारींवर वाजवायची आणि त्यांनी नऊ कुठली, अकरा कुठली हे ओळखायचं. कर्नलसाहेबांनी लष्करी ठामपणे उत्तर दिलं. ते चूक निघाल्यावर तितक्याच ठामपणे अॅम्प्लिफायर बिघडला असल्याचं जाहीर केलं. तेवढ्यात योगाच्या वर्गातून बाहेर पडलेल्या बायकांचा घोळका आत आला. त्यांना दोन्ही गिटारी ऐकवल्या. त्यांनी ‘कोई पंजाबी गाना आता है?’ एवढाच अभिप्राय दिला. नऊवर आणि अकरावर, दोन्हींवर.

फरक एकाच माणसाला कळतो, तो म्हणजे वाजवणाऱ्याला, आणि तोही कानाला नव्हे, हाताला. नऊची तार जोरात दाबली की सूर चढतो, बेसूर होतो. वर्षानुवर्षं दहाच्या तारेशी झटापट करून तयार झालेला हात तिला मुठीत धरायला जातो आणि ती त्याला उघडं पाडते. तिला हवा असतो फक्त पुरेसा दाब, त्याच्या वर एक तोळाही नको. नॉयडा ते गुरुग्राम रोज गाडी चालवणाऱ्याला ही शिस्त फार जड जाते. जिथे हॉर्न, फाटक, सरकारी खिडकी आणि शेजारी यांतलं काहीच जोर लावल्याशिवाय हलत नाही, तिथे घरी येऊन सहा तारांपुढे एकदम सौम्य व्हायचं? सौम्यपणाला सराव लागतो, आणि या शहरात त्याचे क्लास नाहीत.

म्हणून माझं मत असं झालं आहे की तारेची जाडी श्रोत्यांसाठी नसतेच. ती असते दुसऱ्या गिटारवाल्यासाठी. त्याला हरवायचं नसेल तर माणसानं खुशाल बोटांना झेपेल ते लावावं. पण मत पटणं वेगळं आणि क्लबहाऊसमध्ये चालणं वेगळं. तिथे आकडा लागतो.

तो आकडा मला चांदणी चौकाजवळच्या भगीरथ पॅलेसमध्ये मिळाला. दिल्लीचा हा विजेच्या सामानाचा बाजार. एक पंखा भरून घ्यायचा होता म्हणून वाइंडिंगच्या तारा विकणाऱ्याकडे उभा होतो. खिशात जुन्या पहिल्या तारेचा आणि नव्याचा तुकडा होता. गंमत म्हणून त्याला विचारलं, या तारा किती नंबरी? त्यानं मायक्रोमीटरमध्ये एकेक धरून बघितली. एक तेहतीस नंबर, म्हणाला, आणि ही दुसरी जवळपास चौतीस. वाइंडिंगच्या तारांना जे ब्रिटिश गेज लावतात त्यात हिशेब उलटा असतो: तार जितकी बारीक तितका नंबर मोठा. दहा थाऊ म्हणजे बरोबर तेहतीस. नऊ थाऊ म्हणजे चौतीसच्या आसपास. आणि डीलरसाहेबांची अकरा थाऊची तार? त्यानं भिंतीवरच्या कळकट तक्त्यावर बोट फिरवलं. “वो तो बत्तीस के आस-पास।”

पुढच्या रविवारी डीलरसाहेबांनी सगळ्यांसमोर मुद्दाम विषय काढला, की आजकाल कितीच्या लावता? मी खुंट्या पिळता पिळता म्हणालो, चौतीस.

त्यांनी गिटार खाली ठेवली आणि मला आधी चहा विचारला.